जहाज येते आहे की जाते आहे? डोंगराळ किनाऱ्याजवळच्या एका सागरी चित्राचे वाचन

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या आत्याच्या घरी बैठकीत एक जुने छापील चित्र आहे. एक काळसर तीन डोलकाठ्यांचे जहाज, उजवीकडे नांगरलेले दुसरे, लांबवर एक पांढरे शीड, मध्ये एक होडी आणि या सगळ्यांच्या मागे वरून कापून काढल्यासारखा सपाट माथ्याचा प्रचंड डोंगर. काही वर्षांपूर्वी काच फुटली म्हणून चित्र नव्या चौकटीत बसवायला दिले होते. चौकट बसवणाऱ्याने ती नीट बसावी म्हणून खालची पांढरी पट्टी कापून टाकली आणि त्या पट्टीबरोबर चित्राचे नाव, चित्रकाराचे नाव, साल, सगळेच गेले. गेल्या दिवाळीत माझी दहा वर्षांची भाची त्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने विचारले, "मामा, हे मोठं जहाज येऊन राहिलं की जाऊन राहिलं?"

मी सहज सांगितले की जाते आहे, कारण त्याची पाठ आपल्याकडे आहे. हे उत्तर चुकीचे होते. ते का चुकले हे शोधताना अशा चित्रांकडे कसे पाहावे याविषयी पुष्कळ काही हाती लागले आणि ते मांडण्यासाठीच हा लेख आहे. आपण नागपूरकर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, दोन्ही किनाऱ्यांपासून दूर राहतो, त्यामुळे जहाजाचे चित्र आपण बहुधा शोभेची वस्तू म्हणून पाहतो. (नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७५१ ते १८०३ या काळात ओडिशाच्या किनाऱ्यावर होता, तेव्हा या शहराचा समुद्राशी कधीच संबंध नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही.) शिडाच्या जहाजांच्या काळातला माणूस असे चित्र पाहताना एक प्रश्न सर्वांत आधी विचारत असे: वारा कुठून आहे?

हा प्रश्न पहिला का, हे समजण्यासाठी संक्रांतीला गच्चीवर जाणे पुरेसे आहे. पतंग उडवणारा प्रत्येक मुलगा आधी वारा बघतो. पतंग हवेत टिकतो तो नुसता वाऱ्यामुळे नव्हे, तर वारा त्याला एकीकडे ढकलत असताना मांजा त्याला दुसरीकडे ओढून धरतो म्हणून. मांजा कापला गेला की तोच पतंग वाऱ्याबरोबर वाहत जातो. शिडाच्या जहाजाचेही असेच असते. वारा शिडाला ढकलतो, आणि पाण्याखाली खोल गेलेले जहाजाचे अंग, त्याच्या तळाच्या लांब कण्यासह, मांज्याचे काम करते, म्हणजे जहाजाला आडवे वाहून जाऊ देत नाही. या दोन ओढींमधून जहाज पुढे सरकते, आणि म्हणूनच ते वाऱ्याला तिरके धरून काही प्रमाणात वारा येतो त्या दिशेनेही चढू शकते. मात्र थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणतेही शिडाचे जहाज जाऊ शकत नाही. आडव्या काठ्यांना टांगलेली चौकोनी शिडे असलेले जुने मोठे जहाज वाऱ्याच्या दिशेशी साधारण ६७ अंशांचा कोन राखूनच पुढे जाऊ शके. त्याहून जवळ गेले की शिडे फडफडत आणि जहाज थांबे. वाऱ्याकडच्या बंदरात पोहोचायचे असेल, तर आधी एका बाजूला तिरके, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरके, अशा नागमोडी मार्गाने तासन्‌तास जावे लागे.

म्हणजेच चित्रातल्या वाऱ्याची दिशा एकदा ठरली की कोणते जहाज कुठे जाऊ शकते आणि कुठे जाऊच शकत नाही, हेही ठरते. वारा दाखवणाऱ्या खुणा चित्रभर विखुरलेल्या असतात. डोलकाठीच्या टोकावरची अरुंद लांब पताका, मागच्या बाजूचे मोठे निशाण, शिडांचा फुगवटा, किनाऱ्यावरच्या चुलीचा धूर, लाटांचे माथे, एवढेच काय, नांगरलेले जहाजसुद्धा. नांगर पुढच्या बाजूने टाकलेला असतो, त्यामुळे पाण्याची ओढ जोरात नसेल तर जहाज नांगराभोवती फिरून आपले तोंड वाऱ्याकडे करते. आत्याच्या चित्रात उजवीकडच्या नांगरलेल्या जहाजाचे तोंड डावीकडे आणि डोंगराच्या बाजूला आहे, आणि त्याचे निशाण उजवीकडे, थोडे आपल्या दिशेने उडते आहे. म्हणजे वारा डोंगराच्या डाव्या खांद्यावरून उतरून खाडीवर येतो आहे. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा हा वारा आहे.

आता डोंगर. त्याच्या सपाट माथ्यावर पांढरा थर आहे, आणि तो कड्यावरून थोडासा खाली ओघळल्यासारखा दिसतो. कागदाला बुरशी लागली असावी असेच मला इतकी वर्षे वाटत होते. भिंग लावून पाहिल्यावर कळले की तो छापलेला ढग आहे, आणि त्याची खालची कडा मुद्दाम विरत गेलेली दाखवली आहे. माथा टेबलासारखा सपाट, डावीकडे एक वेगळा टोकदार सुळका, उजवीकडे दुसरा, जरा गोलसर आणि एकटा. ही बाह्यरेषा पृथ्वीवर फार ठिकाणी नाही. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाजवळ केप टाउनच्या मागे उभा असलेला हा टेबल माउंटन, त्याची उंची १,०८६ मीटर, डावीकडचा सुळका डेव्हिल्स पीक आणि उजवीकडचा लायन्स हेड. त्याच्या पुढ्यातल्या पाण्याला टेबल बे म्हणतात.

डोंगराची ओळख अशी बाह्यरेषेवरून पटणे, हा त्या काळच्या नाविकांचा रोजचा व्यवहार होता. अनोळखी किनारा दिसू लागला की तो नेमका कोणता, हे ठरवण्यासाठी जहाजावर किनाऱ्याच्या रेखाकृती ठेवलेल्या असत. अमुक दिशेने, अमुक अंतरावरून डोंगरांची रांग कशी दिसते, याचे ते लांबट आणि साधे रेखाटन असे. टेबल माउंटनसारखा उंच डोंगर हवा स्वच्छ असेल तर शंभर किलोमीटरहून लांबूनही क्षितिजावर डोके काढतो. महिनोन्‌महिने पाणीच पाहिलेल्या माणसाला तो माथा दिसणे म्हणजे घराच्या कौलाचे टोक दिसण्यासारखे असे. सागरी चित्रांतले डोंगर पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्याला जे निसर्गसौंदर्य वाटते ते मूळच्या पाहणाऱ्याच्या दृष्टीने पत्ताही होते.

एक इशारा इथेच देतो. जुनी चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जात. कोरणाऱ्याने मूळ चित्र तसेच उतरवले, तर छापताना त्याची डावी बाजू उजवीकडे जाते. काळजीपूर्वक काम करणारे कारागीर आधीच उलटे कोरत, पण सगळेच तसे करत नसत. त्यामुळे ओळखीचा डोंगर असेल, तर त्याचे सुळके योग्य बाजूंना आहेत का हे तपासूनच पुढे जावे. आपल्या चित्रात डेव्हिल्स पीक डावीकडेच आहे. खाडीतून डोंगराकडे पाहताना तोंड दक्षिणेला होते, म्हणून डावा हात पूर्वेकडे असतो. चित्र सुलटे आहे.

दिशा ठरल्यावर तो ढग बोलू लागतो. टेबल माउंटनवरचा हा ढग इतका प्रसिद्ध आहे की तिथले लोक त्याला टेबलावरचे कापड म्हणतात. आग्नेयेकडून येणारा दमट समुद्री वारा डोंगराच्या पाठीवरून वर चढतो, उंचीवर गार होतो, त्यातल्या बाष्पाचे ढगात रूपांतर होते, आणि तो ढग सपाट माथ्यावरून पलीकडच्या, म्हणजे शहराच्या बाजूच्या कड्यावर सांडतो. खाली उतरताना हवा पुन्हा तापते आणि ढग मधल्यामध्ये विरून जातो. म्हणूनच त्याची खालची कडा चित्रात विरलेली दाखवली आहे. हा आग्नेय वारा तिथे मुख्यत्वे उन्हाळ्यात वाहतो, आणि दक्षिण गोलार्धातला उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. नांगरलेल्या जहाजाने आणि निशाणाने जी दिशा सांगितली तीच डोंगरावरच्या ढगानेही सांगितली. तीन वेगवेगळे साक्षीदार एकच सांगतात, तेव्हा चित्रकाराने हे दृश्य स्वतः पाहिले असावे किंवा पाहिलेल्या माणसाच्या रेखाटनावरून काम केले असावे, असे मानायला आधार मिळतो.

आता भाचीच्या प्रश्नाकडे वळू. मोठ्या काळ्या जहाजाची पाठ आपल्याकडे आहे हे खरे. माझी चूक अशी झाली की "आपण" कुठे उभे आहोत हे मी विचारलेच नाही. आपण बैठकीच्या खोलीत उभे आहोत, आणि मनाने नकळत जमिनीवर. चित्रातला पाहणारा मात्र पाण्यावर आहे. तो खाडीत, समुद्राच्या बाजूला असून किनाऱ्याकडे पाहतो आहे. त्यामुळे त्याच्याकडे पाठ करून निघालेले जहाज किनाऱ्याकडे निघालेले आहे. ते येते आहे.

पण जमिनीवरून वारा येत असताना ते किनाऱ्याकडे जाईल कसे? चित्रकाराने याचे उत्तर शिडांत आणि लाकडात लिहून ठेवले आहे. जहाज सरळ पाठमोरे नाही, त्याचे तोंड किंचित उजवीकडे वळलेले आहे, त्यामुळे त्याची उजवी बाजूही थोडी दिसते. आडव्या काठ्या इतक्या तिरक्या खेचल्या आहेत की मागून पाहताना एरवी रुंद दिसणारी शिडे अरुंद पट्ट्यांसारखी दिसतात. सगळे जहाज उजव्या अंगावर कलले आहे, आणि त्या बाजूच्या तोफांच्या खिडक्यांची रांग पाण्याच्या जवळ आली आहे. वारा डावीकडून, पुढून येतो आहे आणि जहाज त्याला ६७ अंशांच्या आसपास धरून नागमोडीचा एक तुकडा कापते आहे. असेच पुढे गेले तर ते लायन्स हेडच्या पायथ्याच्या खडकांकडे जाईल, म्हणून थोड्या वेळाने त्याला वळावेच लागेल, आणि वळल्यावर त्याचे तोंड डावीकडे आणि काहीसे आपल्या दिशेने होईल. त्या क्षणी कोणी चित्र काढले असते, तर येणारे हेच जहाज जाताना दिसले असते.

लांबचे छोटे पांढरे शीड याच्या बरोबर उलट आहे. त्याचे तोंड आपल्याकडे आहे, शिडे पूर्ण रुंद पसरलेली आहेत, जहाज अजिबात कललेले नाही. वारा त्याच्या पाठीशी आहे. भाचीने ते "आपल्याकडे येऊन राहिलं" असे सांगितले होते आणि तिने जे पाहिले ते बरोबरच होते. पण आपल्याकडे येणे म्हणजे इथे बंदर सोडणे. वारा जमिनीकडून असताना बंदर सोडणे सोपे, बंदरात शिरणे कष्टाचे. वाऱ्याची दिशा उलटी असती, समुद्राकडून किनाऱ्याकडे, तर शिरणे सोपे झाले असते आणि तिथे टिकणे मात्र जिवावरचे. नांगर सुटला किंवा दोर तुटला, तर जहाज थेट खडकांवर. डोंगराळ किनाऱ्याजवळच्या कोणत्याही जहाजाच्या चित्रात हा प्रश्न विचारलाच पाहिजे: वारा या जहाजाला किनाऱ्यापासून दूर ढकलतो आहे की किनाऱ्यावर लोटतो आहे? टेबल बेमध्ये तिथल्या हिवाळ्यातले वायव्येचे वादळ दुसऱ्या प्रकारचे असते. १७३७ मध्ये अशाच एका वादळात डच ईस्ट इंडिया कंपनीची अनेक जहाजे तिथे फुटली, आणि पुढे हिवाळ्यात जहाजे द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगाला, सायमन्स बेमध्ये ठेवण्याची पद्धत पडली. त्यामुळे डोंगरावर पांढरा ढग, निशाणे समुद्राच्या दिशेला आणि पाण्यावर फक्त बारीक, तुटक लाटा, हे सगळे पाहणाऱ्या नाविकाला या चित्रात धीर मिळाला असेल. जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याला मोठ्या लाटा उठवायला अंतरच मिळत नाही.

पाहणारा पाण्यावर आहे, हे आणखी एका गोष्टीवरून नक्की करता येते आणि ती गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. चित्राच्या उजव्या कडेला, डोंगराच्या उताराच्या पलीकडे, मोकळ्या समुद्राचे क्षितिज दिसते. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. ती रेषा पट्टी धरून आडवी पुढे वाढवली, तर ती मोठ्या जहाजाला जिथे छेदते, ती उंची म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांची पाण्यापासूनची उंची. आत्याच्या चित्रात ती रेषा जहाजाच्या मागच्या खिडक्यांवरून जाते, म्हणजे पाण्यापासून पाच-सहा मीटरवरून. इतक्या उंचीवर डोळे असलेला माणूस होडीत बसलेला नाही आणि डोंगरावरही नाही. तो दुसऱ्या एका जहाजाच्या डेकवर उभा आहे, आणि ते चौथे जहाज चित्रात कुठेच नाही, कारण आपण त्याच्यावरूनच पाहतो आहोत. सहा मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे पावणेनऊ किलोमीटरवर असते.

डोंगराची उंची मात्र चित्रकाराने वाढवलेली आहे. टेबल माउंटनच्या सपाट माथ्याची रुंदी साधारण तीन किलोमीटर आणि उंची एक किलोमीटरहून थोडी अधिक, म्हणजे रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. मी पट्टीने मोजले तेव्हा छापील चित्रात माथा १२ सेंटीमीटर रुंद आणि डोंगर ६ सेंटीमीटर उंच भरला. खरे प्रमाण ठेवले असते तर तो सव्वाचार-साडेचार सेंटीमीटरपलीकडे गेला नसता. याला खोटेपणा म्हणणे मला योग्य वाटत नाही. डोंगरासमोर प्रत्यक्ष उभे राहिलेल्या माणसाला तो नेहमीच कागदावरच्या मापापेक्षा उंच भासतो, आणि त्यातच अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या चित्रकारांना निसर्गाचे दडपण आणणारे रूप रंगवण्याची ओढ लागली होती. दूरचे उतार निळसर आणि जवळचे तपकिरी-हिरवे ठेवून त्यांनी खोलीही दाखवली. रामटेकला जाताना गड आधी करड्या-निळ्या ढिगासारखा दिसतो, मग झाडे सुटी होतात आणि त्यानंतर मंदिरांचा पांढरेपणा उमटतो. मधल्या हवेत विखुरलेला निळा प्रकाश दूरच्या वस्तूवर पडद्यासारखा येतो, म्हणून असे होते.

हवा आणि प्रकाश जागेवर बसून रंगवण्याचा मोठा प्रयत्न याच डोंगरासमोर झाला आहे. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या दुसऱ्या सफरीत, १७७२ ते १७७५ या काळात, ब्रिटिश नौदलाने विल्यम हॉजेस या चित्रकाराला बरोबर पाठवले होते. रेझोल्यूशन आणि ॲडव्हेंचर ही दोन जहाजे १७७२ च्या नोव्हेंबरात टेबल बेमध्ये नांगरलेली असताना हॉजेसने टेबल माउंटनचे मोठे तैलचित्र काढले, आणि त्याच्या शीर्षकातच ते जागेवर, रेझोल्यूशनवरून काढल्याचे नमूद आहे. रेझोल्यूशन ४६२ टनांचे आणि सुमारे ३४ मीटर लांबीचे होते, म्हणजे आपल्या रेल्वेच्या जेमतेम दीड डब्याएवढे. त्या हलत्या लाकडावरून डोंगर, ढगांतून उतरणारा उजेड आणि पायथ्याचे गाव एका वेळी पकडण्याचा हा प्रयत्न आज ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे. त्याच सफरीत न्यूझीलंडमधल्या पिकर्सगिल हार्बरचे चित्र त्याने काढले, आणि पुढे क्ष-किरण तपासणीत त्या हिरव्या किनाऱ्याच्या रंगाखाली दक्षिण ध्रुवाकडचे हिमनग रंगवलेले आढळले. जहाजावर कापड मोजकेच असते, त्यामुळे एका दृश्यावर दुसरे चढवावे लागले असेल. पुढे १७८० मध्ये हाच हॉजेस मद्रासला उतरला आणि काही वर्षे हिंदुस्थानची निसर्गचित्रे काढत फिरला.

सगळीच सागरी चित्रे अशी जागेवर होत नसत. डच चित्रकार विलेम व्हॅन डे वेल्डे, म्हणजे थोरला, लहान गलबतातून थेट लढाईजवळ जाऊन रेखाटने करत असे, आणि त्याचा मुलगा, धाकटा विलेम, रंगचित्रे करत असे. १६७२-७३ च्या हिवाळ्यात हे बापलेक इंग्लंडला गेले आणि तिथल्या राजाच्या आश्रयाला राहिले. इंग्रजी सागरी चित्रकला बऱ्याच अंशी त्यांच्याच हाताखाली वाढली. याउलट, आपल्या इतिहासाला थेट भिडणारे एक चित्र पाहा. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तो प्रसंग डॉमिनिक सेर या फ्रान्समध्ये जन्मलेल्या आणि लंडनमध्ये स्थायिक झालेल्या चित्रकाराने १७७१ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, रंगवला. त्या दिवशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. पूर्वी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडून जिंकून आणलेले रेस्टोरेशन नावाचे एक जहाज पेटले आणि तिथून आग गुराबा-गलबतांवर पसरली. अशी चित्रे वाचताना वाऱ्याच्या प्रश्नाला जोडूनच दुसरा प्रश्न विचारावा लागतो, तो म्हणजे आपल्याला कोणाच्या डेकवर उभे केले आहे. ब्रिटिश आरमारी चित्रांत पाहणारा बहुतेक वेळा समुद्रावर, हल्ला करणाऱ्यांच्या बाजूला असतो. त्यामुळे किल्ला हे लक्ष्य बनते आणि किल्ल्यातले लोक दिसतच नाहीत. इंग्रजी कागदांत आंग्रे चाचे ठरतात. मराठी वाचकाला ते सरखेल म्हणून माहीत आहेत, आणि या स्वारीत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते हे दुःखही त्याला माहीत आहे. चित्रातला धूर वाऱ्याची दिशा अगदी अचूक सांगतो, पण तो कोणाच्या घरातून निघतो आहे हे ज्याचे त्याने जाणून घ्यायचे असते.

आत्याच्या चित्रात लढाई नाही. निशाणे मात्र आहेत, आणि काळ ठरवण्यासाठी त्यांचाच उपयोग होतो. किनाऱ्यावर, डोंगराच्या पायथ्याशी एका किल्ल्याचा ठेंगणा तट दिसतो. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये इथे ठाणे वसवले आणि १६६६ ते १६७९ या काळात दगडी किल्ला बांधला. युरोप आणि आशिया यांच्यामधल्या या थांब्यावर जहाजांना पाणी, मांस आणि ताज्या भाज्या मिळत, आणि ताज्या अन्नावाचून होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने खलाशी मरत असताना त्या भाज्यांचे मोल फार होते. भिंगातून पाहिल्यास किल्ल्यावरच्या निशाणात तांबडा, पांढरा आणि निळा असे तीन आडवे पट्टे दिसतात. म्हणजे दृश्य डच अमलातले आहे. इंग्रजांनी १७९५ मध्ये केप, म्हणजे केप टाउन आणि त्याभोवतीचा मुलूख, घेतले, १८०३ मध्ये ते डचांकडे परत गेले आणि १८०६ मध्ये पुन्हा इंग्रजांकडे आले. म्हणून हा प्रसंग १७९५ पूर्वीचा, किंवा फार तर १८०३ ते १८०६ मधला. पण हा काळ दृश्याचा झाला. ते रंगवले कधी आणि छापले कधी, हे वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्याकडचा कागद तर त्याहून पुष्कळ अलीकडचा आहे. जहाजांच्या बाजूंना तोफांच्या खिडक्या दिसतात म्हणून ती युद्धनौका आहेत असेही म्हणता येत नाही, कारण लांबच्या शत्रूला भिवविण्यासाठी व्यापारी जहाजे अशा खोट्या खिडक्या रंगवून घेत.

एक खूण मात्र बाकीच्यांशी जुळत नाही. किल्ल्यावरचे ते निशाण डावीकडे उडते आहे, जहाजांवरची सगळी उजवीकडे. पहिला विचार असा येतो की चित्रकाराने चूक केली, किंवा रंगांचा तोल साधण्यासाठी निशाण मुद्दाम फिरवले. तसे असूही शकते. पण उंच कड्यावरून वारा कोसळतो तेव्हा त्याच्या पायथ्याशी भोवरे उठतात आणि थोड्याशा अंतरावर वारा अगदी उलटाही वाहतो. गच्चीवर पतंग उडवताना शेजारच्या उंच इमारतीच्या आडोशाला पतंग एकाएकी गिरकी घेतो, तसेच हे. त्यामुळे खुणा जुळत नसतील तिथे चूक म्हणून पुढे जाण्याआधी थांबावे, असे मला मनापासून वाटते.

सागरी चित्र दिसले की जहाज म्हणजे आयुष्य आणि वादळ म्हणजे संकट, असा अर्थ लगेच लावला जातो. सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये असे अर्थ खरोखरच प्रचलित होते, त्यामुळे ते नाकारण्याचे कारण नाही. पण या चित्रातले जहाज कोणाचेही आयुष्य होण्याआधी एक जहाज आहे, त्याच्यावर दोर ओढून हात सोललेले लोक आहेत, आणि वारा कुठून आहे यावर त्यांचे रात्रीचे जेवण गावात होणार की डेकवर, हे अवलंबून आहे.

उजेडाविषयी थोडेसे. तिथे सूर्य दुपारी उत्तरेला असतो. आपल्याकडे नागपुरात वर्षातला बहुतेक काळ तो दक्षिणेला असतो, म्हणून हे आपल्याला उलटे वाटते. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या पाहणाऱ्याच्या तो पाठीशी राहतो आणि डोंगराचा कडा उजळतो. चित्रात डोलकाठ्यांची उजवी कड उजळ आहे, सावल्या डावीकडे पडल्या आहेत, म्हणजे सूर्य पश्चिमेकडे कलला आहे. उन्हाळ्यातली एक दुपार, उतरणीला लागलेली.

उरली ती होडी. किनारा आणि नांगरलेले जहाज यांच्यामध्ये ती आहे, तिच्यात पाच-सहा पिंपे आहेत आणि चार माणसे वल्ही मारत आहेत. भाचीने सांगितले की ही होडी गावाकडे चालली आहे, कारण सगळ्यांची तोंडे गावाकडे आहेत. या वेळी मी घाईने उत्तर दिले नाही. तिला जमिनीवर बसवले, हातात दोन लाटणी दिली आणि वल्ही मारल्यासारखे करायला सांगितले. सगळी ताकद लावून लाटणी स्वतःकडे ओढल्यावर तिच्या लक्षात आले की होडी सरकेल ती तिच्या पाठीच्या दिशेने. वल्हेकऱ्याचे तोंड नेहमी त्याने सोडलेल्या जागेकडे असते. म्हणजे होडी गावाकडून जहाजाकडे निघाली आहे. मग तिने स्वतःच भिंग घेतले, होडीच्या काठाला नेऊन ठेवले आणि काठापासून पाणी फक्त बोटभर खाली आहे असे सांगितले. पिंपे भरलेली आहेत. नांगरलेल्या जहाजाने गोडे पाणी भरून घ्यायला घेतले आहे, वारा जमिनीकडून आहे, आणि त्या तिघांपैकी पुढच्या मुक्कामाला निघायच्या तयारीत असलेले जहाज ते आहे.